फोन उचलला नाही, म्हणून?

समजा, दुबईतल्या घरची मुलगी पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत आहे. तिची फोनची पाळी शुक्रवारी रात्री आली. घरी कोणी फोन उचलला नाही. ‘सगळे मला विसरले,’ असे मनाशी म्हणून ती रडली. रडवले कोणी? फोनने नव्हे, त्या वाक्याने.

ज्यू कुटुंबात जन्मलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास हा विचार मांडला, मुंबईच्या कि. मो. फडके यांनी तो मराठी वाचकांपर्यंत आणला. रीत सोपी आहे. मनातले वाक्य वहीत लिहावे आणि विचारावे, याला पुरावा काय? घरी शब्बाथचे दिवे लागले असतील. आठवण येणारच, वाईटही वाटेल. पण ‘मला हे सोसवणारच नाही’ हे खरे नाही. शब्बाथ सरला की घरून फोन येईल. तोवर जेवून घ्यावे.