पऱ्हाटीचा एक तंतू

मार्गशीर्षाच्या सुमारास सौंसर तहसिलीतील बोरगावच्या शिवारात उभे राहिले, तर एकीकडे उमललेल्या बोंडांनी पांढरी झालेली पऱ्हाटी आणि दुसरीकडे संत्र्याची बाग अशी या भागाची दोन्ही पिके नजरेत भरतात. आणि सजीवाची पेशी म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यावयाचे आहे, त्याला या दोन पिकांहून व बांधाशी कडबा चघळणाऱ्या बैलाहून अधिक सोयीचे साहित्य एखाद्या प्रयोगशाळेत मिळेल असे मला वाटत नाही. हा मुलूख 1956 पर्यंत नागपूर ही राजधानी असलेल्या प्रांतात मोडत असे. राज्यपुनर्रचनेत विदर्भ वेगळा झाला, हा टापू मध्य प्रदेशात राहिला, आणि 2023 साली पांढुर्णा व सौंसर मिळून निराळा जिल्हा झाला. परंतु कापूस, संत्रा आणि मराठी या तिन्हींनी आपली जागा सोडली नाही.

बोंडातील सरकीवरून एकच तंतू हलकेच उपटून घ्यावा. अडीच-तीन सेंटिमीटर लांबीचा, केसाहूनही बारीक असा हा तंतू म्हणजे अनेक पेशींची साखळी नव्हे. तो संपूर्ण तंतू ही एकच पेशी आहे. वनस्पतीची पेशी सामान्यतः मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागाएवढी असते हे लक्षात घेतले, म्हणजे सरकीच्या सालीवरील या पेशीने केवढी मजल मारली आहे याची कल्पना येते. फूल उमलते त्याच सुमारास कोवळ्या बीजाच्या त्वचेवरील काही पेशी फुगवटा धरतात आणि पुढे सुमारे तीन आठवडे नुसत्या लांब होत राहतात. त्यांना ताणणारे बळ पाण्याचे असते. पेशीच्या पोटात रिक्तिका नावाची पाण्याची मोठी पिशवी असून तीत क्षार व आम्ले साठलेली असतात. त्यांच्या ओढीने पाणी आत शिरते, आतला दाब वाढतो, आणि अद्याप लवचिक असलेली पेशीभित्तिका त्या दाबापुढे सरत जाते. मग वाढ थांबते आणि भित्तिकेच्या आतल्या अंगाने सेल्युलोजचे थरावर थर चढू लागतात. शेवटी बोंड फुटते, आतले जिवंत द्रव्य मरून सुकते, आणि पोकळ नळी चपटी होऊन स्वतःभोवती पीळ घेते. हा पीळ आहे म्हणूनच एक तंतू दुसऱ्याला धरतो व सूत निघते. अंगावरचे धोतर किंवा लुगडे हे अशा रीतीने मृत पेशींच्या भिंतींचेच वस्त्र आहे. 1665 साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाच्या पातळ कापात ज्या खोल्या पाहिल्या आणि ज्यांच्यावरून पेशीचे इंग्रजी नाव पडले, त्याही अशाच रिकाम्या, मृत भिंती होत्या.

जिवंत भरलेली खोली पाहावयाची असेल, तर संत्र्याच्या बागेत जावे. संत्र्याच्या फोडीतील रसाच्या इवल्या पिशव्या अनेक पेशींच्या बनलेल्या असतात, आणि त्या पेशींच्या रिक्तिकांमध्ये जी साखर व जे सायट्रिक आम्ल साठते, तोच आपण चाखतो तो रस. आंबिया बहारासाठी कास्तकार बागेला ताण देतो, तेव्हा पाने मलूल होतात. ती मलूलता म्हणजे असंख्य रिक्तिकांतील पाणी उतरल्याची निशाणी. पाणी सुटताच त्या पुन्हा भरतात आणि पान ताठ होते. फळाचा रंगही पेशीतच पालटतो: कोवळ्या सालीतील हरितलवके सूर्यप्रकाशात अन्न तयार करीत असतात, आणि रात्री गार होऊ लागल्या की त्याच लवकांतील हिरवे द्रव्य ओसरून केशरी-पिवळी रंगद्रव्ये दिसू लागतात.

आता बैलाकडे वळावे. त्याच्या पेशीला भित्तिका नाही, हरितलवक नाही, आणि मोठी रिक्तिकाही नाही. तिची सरहद्द म्हणजे केवळ एक नाजूक प्रद्रव्यपटल. बैलाच्या रक्तातील तांबडी पेशी शुद्ध पाण्यात टाकली तर पाणी शोषून फुटते. संत्र्याची पेशी तेवढेच पाणी पिऊन नुसती ताठ होते, कारण तिला भिंतीचा आधार असतो. परंतु भिंत नाही म्हणूनच स्नायूची पेशी आखडू शकते, आणि बैल नांगर ओढतो. कडब्यातील सेल्युलोजच्या भिंती फोडणारे पाचक द्रव्य मात्र त्याच्या स्वतःच्या पेशींना तयार करता येत नाही. ते काम त्याच्या पोटात राहणारे सूक्ष्मजीव करतात.

इतका भेद असूनही आतला कारभार दोहोंकडे एकाच धर्तीचा आहे. केंद्रक हे दफ्तर. तेथील मूळ कागद, म्हणजे गुणसूत्रे, बाहेर जात नाहीत, हव्या त्या मजकुराची नक्कल तेवढी बाहेर पडते आणि तिच्याबरहुकूम रायबोझोम प्रथिने घडवितात. आंतर्द्रव्यजालिका व गॉल्जी संकुल त्यांवर संस्कार करून ती ठिकठिकाणी रवाना करतात. जीर्ण भागांची विल्हेवाट प्राण्यांत लयकारिका लावतात, वनस्पतींत बहुधा रिक्तिकाच.

याहून महत्त्वाचे साम्य श्वसनाचे. झाड अन्न करते आणि जनावर श्वास घेते, अशी समजूत शिकलेल्या माणसांतही आढळते. ती चूक आहे. झाडाची प्रत्येक जिवंत पेशी अहोरात्र श्वसन करते, आणि ते काम तंतुकणिका नावाच्या त्याच कणांत चालते, जे बैलाच्या स्नायूत खच्चून भरलेले असतात. या श्वसनसाखळीतील ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, हे केंब्रिज येथे बटाट्यावर काम करताना दाखवून देणाऱ्या संशोधिका मराठी होत्या: 1911 साली इंदूरला जन्मलेल्या कमला भागवत, पुढे कमला सोहोनी. केवळ स्त्री म्हणून बंगळूरला प्रवेश मिळविताना ज्यांना झगडावे लागले, त्यांनी 1939 साली याच कामावर डॉक्टरेट मिळविली. आपल्या शाळांतून हूकचे नाव मुलांना पाठ असते आणि सोहोनींचे बहुधा ठाऊकही नसते, याची मला खंत वाटते.

बोरगाव-सौंसर भागातील शिक्षकांना म्हणूनच माझी विनंती आहे. फळ्यावर पेशीची आकृती काढण्यापूर्वी पऱ्हाटीचा एक तंतू पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवावा; शंभर पट मोठा केला, की त्याचा पीळ स्पष्ट दिसतो. ज्या मुलाने सकाळी कापूस वेचला असेल, त्याला प्रथम पाहू द्यावे.