आठ गिअरांचा हिशेब

जुन्या ट्रॅक्टरांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात इंजिनच होतं. बार्शीजवळच्या एका मिस्तरींच्या शेडमध्ये पोचलो आणि गिअरबॉक्सपाशीच रमलो. समोर बी-२७५ मधोमध फोडून ठेवलेला. इंजिन जॅकवर, मागचं धड लाकडी ठोकळ्यांवर.

या ट्रॅक्टरचं मूळ इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचं. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९५४मध्ये तिथला जोवेट मोटारींचा कारखाना विकत घेतला आणि पुढे ही यंत्रं घडवली. १९६३मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्र आणि व्होल्टास यांच्या भागीदारीत मुंबईत नवी कंपनी उभी राहिली. १९६५पासून कांदिवलीत बी-२७५ तयार होऊ लागला आणि १९७७मध्ये ती कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली.

इंजिन चार सिलिंडरचं, सुमारे २.४ लिटरचं, ३५ अश्वशक्तीच्या आसपासचं. आजच्या मानाने बेताचंच. पण एवढ्या ताकदीत नांगरट, पेरणी आणि उसाची ट्रॉली ही तिन्ही कामं निभावून नेली ती गिअरबॉक्सने. मुख्य दांड्यात चार गिअर पुढचे, एक मागचा. शेजारी लो-हायचा दुसरा दांडा. त्यामुळे पुढे जायला आठ वेग, मागे यायला दोन.

मिस्तरींनी मला दाते मोजायला लावले. लहान चाकाने मोठं चाक फिरवलं की वेग उतरतो आणि त्याच प्रमाणात ओढ वाढते. वेग निम्मा, तर ओढ दुप्पट. मात्र टायर जमीन धरून आहे तोवरच. काळ्या रानात खोल नांगर लावताना म्हणूनच लो लागतो. पेरणीला वेगळा गिअर, कारण पाभर पळवली तर बी कुठे खोल जातं, कुठे उघडं पडतं.

“रेस कमी करून ट्रॅक्टर हळू चालवू नका, गिअर उतरवा,” मिस्तरी म्हणाले. अवजार फिरवणारा पीटीओचा दांडा इंजिनावर फिरतो. त्याला मिनिटाला ५४० फेरे हवेत. रेस उतरवली की रोटाव्हेटरही मंदावतो आणि ढेकळं तशीच राहतात. गिअर उतरवला की चाकं संथ चालतात, पण अवजाराचा जोर टिकतो. हे तत्त्व ज्याच्या हातात बसलं, त्याला हा ट्रॅक्टर आजही पुरतो.

काळजी वाटते ती दात्यांची. या गिअरच्या डब्यात चाकांचे वेग जुळवून देणारं सिंक्रोमेश नाही. गिअर बदलायचा तो थांबूनच. चालत्या गाडीत दांडा ढकलला की दात्यांची तोंडं घासून गोल होतात. गोल झालेला दाता ओझ्याखाली निसटतो आणि गिअर आपोआप न्यूट्रलला येतो. सपाट रानात त्याने फक्त काम थांबतं. उतारावर मागे भरलेली ट्रॉली असेल, तर इंजिनाचा आवर सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि धावत्या ट्रॅक्टरमध्ये तो गिअर पुन्हा पडत नाही.

असे घासलेले गिअर वरून रंग दिलेल्या ट्रॅक्टरांत लपतात. खरेदीच्या वेळी इंजिनाचा आवाज ऐकतात, धूर बघतात. डबा कुणी उघडत नाही. मिस्तरी बोटाने दाता चाचपून त्याचं उरलेलं आयुष्य सांगतात. ही पारख त्यांच्याकडून शिकायला शेडमध्ये कुणी नाही. आयटीआयच्या वर्गांत असा एक जुना डबा उघडून ठेवावा आणि शिकवायला अशाच मिस्तरींना बोलवावं. उतारावर गिअर निसटला तर जीव चालकाचा जातो, म्हणून हे शिक्षण आत्ताच हवं.