मुंबईची कलादालने

वैशाखाचे ऊन तापू लागले आणि शाळांना सुट्टी लागली, की मुंबई नगरीत पाहुण्यांची रीघ लागते. कोणी चौपाटीवर जातो, कोणी राणीची बाग पाहतो, तर कोणी अपोलो बंदरावर समुद्राचा वारा खातो. परंतु याच नगरीत अशी काही शांत दालने आहेत, की जेथे पाऊल टाकताच रस्त्यावरील गलबला मागे राहतो आणि रंगरेषांची एक निराळीच सृष्टी डोळ्यांपुढे उभी राहते. ‘आपणांस चित्रांतले काय कळणार?’ या संकोचाने पुष्कळ लोक तेथील दारावरूनच परततात. हा संकोच किती अनाठायी आहे, हे त्या दालनांची ओळख झाली म्हणजे सहज समजते.

काळाघोडा भागात जहांगीर कलादालन आहे. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ते उभे राहिले व १९५२ साली खुले झाले. येथील बहुतेक प्रदर्शने आठवडाभरच असतात. त्यामुळे आज पाहिलेली चित्रे पुढील आठवड्यात दिसतीलच असे नाही. प्रवेशास मूल्य पडत नाही. पुष्कळदा चित्रकार स्वतः तेथे बसलेला असतो. एखाद्या मुलाने धीर करून ‘हा रंग येथे का दिला?’ असे विचारले, तर त्याला आनंदच होतो.

शेजारीच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची भव्य घुमटाची इमारत आहे. हे संग्रहालय १९२२ साली जनतेसाठी उघडले. येथील लघुचित्रे तळहाताएवढी असली, तरी त्यांत झाडाचे पान न् पान आणि वस्त्राची चुणी न् चुणी रेखलेली दिसते. खारीच्या केसांच्या कुंचल्याने जुने कलावंत हे काम करीत. प्रखर प्रकाशाने रंग विटतात. म्हणून अशा चित्रांजवळ उजेड मंद ठेवतात. समोरच्या सर कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय तर १८७२ सालचे. तेथील मातीच्या चिमुकल्या प्रतिकृतींत जुन्या मुंबईचे लोक व त्यांचे व्यवसाय पाहावयास मिळतात.

कला ही केवळ श्रीमंतांची मिरास नव्हे, याची साक्ष मुंबईच्या चित्रकारांचे जीवनच देते. कृष्णाजी आरा हे बालपणीच मुंबईस आले. त्यांनी लोकांच्या घरी चाकरी केली, मोटारी धुतल्या. पण हातातला कुंचला सोडला नाही. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन तरुणपणी चित्रपटांचे भव्य फलक रंगवीत. या दोघांनी सूझा, रझा, गाडे व बाकरे यांच्यासह १९४७ साली पुरोगामी कलावंतांचा एक संघ स्थापन केला. भारतीय चित्रकलेस नवे वळण देणाऱ्यांत आज त्यांची गणना होते.

चित्र पाहण्याची रीत अवघड नाही. शेजारची पाटी आधी वाचू नये. प्रथम चित्रच पाहावे. मोठे तैलचित्र जवळून पाहिले, तर रंगांचे नुसते फटकारे दिसतात. दहा पावले मागे सरावे, म्हणजे त्याच फटकाऱ्यांतून नदी किंवा चेहरा साकार होतो. लघुचित्र मात्र जवळूनच पाहावे. चित्रास स्पर्श करू नये. कारण बोटांवरील घाम व तेल रंगांस अपाय करतात. आणि पन्नास चित्रांवरून धावती नजर फिरविण्यापेक्षा तीनच चित्रांसमोर निवांत उभे राहणे अधिक चांगले. घरी आल्यावर त्यांतील एखादे आठवणीने कागदावर काढून पाहावे. आपण खरोखर किती पाहिले, हे तेव्हाच कळते.

एखादे चित्र आवडले नाही, तरी त्यात कमीपणा नाही. ते का आवडले नाही, हा विचार मनात येणे, हीच रसिकतेची पहिली पायरी होय. कलादालनाच्या दाराशी पहारेकरी उभा असतो खरा. परंतु तो चित्रांच्या रक्षणासाठी असतो, पाहणाऱ्यास अडविण्यासाठी नव्हे.