भातखाचरातील जीनोम

एका खाचरातील सजीव

कर्जत-खालापूर पट्ट्यात, कुंभिवलीसारख्या गावांत, पावसाळी शेती म्हणजे प्रामुख्याने भात. भाताच्या एका खाचरात तीन प्रकारचे सजीव एकमेकांत गुंतलेले असतात: भाताचे रोप, करपा रोगाची बुरशी आणि कडा करपा आणणाऱ्या जीवाणूपासून चिखलातील असंख्य सूक्ष्मजीवांपर्यंतचे जग. भात आणि त्याचे हे दोन रोगकारक यांचे जीनोम एकाच वर्षी, २००५ मध्ये, प्रसिद्ध झाले. रोप तगते की करपते, याचे उत्तर यांपैकी कोणत्याही एका जीनोममध्ये नसते. ते त्यांच्या परस्परसंबंधात असते.

जीनोम म्हणजे काय

सजीवाच्या पेशीतील संपूर्ण डीएनए म्हणजे त्याचा जीनोम. डीएनएच्या साखळीत ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन हे चार घटक विशिष्ट क्रमाने येतात. त्यांना सोयीसाठी अक्षरे म्हटले जाते. भाताच्या १२ गुणसूत्रांत मिळून सुमारे ३९ कोटी अक्षरे आहेत, करपा बुरशीत सुमारे ४ कोटी आणि कडा करप्याच्या जीवाणूत सुमारे ४९ लाख. यातील ज्या भागांत प्रथिने बनवण्याच्या सूचना असतात, ती जनुके. उरलेल्या भागात जनुके चालू-बंद करणाऱ्या जागा आणि पुनःपुन्हा येणारे मजकूर असतात.

क्रमनिर्धारणाची पद्धत

गुणसूत्र सलग वाचणे अवघड असल्याने डीएनएचे लहान तुकडे केले जातात, यंत्राद्वारे प्रत्येक तुकड्याचा क्रम वाचला जातो आणि एकमेकांवर येणारे समान भाग शोधून संगणक त्यांची जुळणी करतो. खरी अडचण पुनरावृत्तीची असते. सारखाच मजकूर अनेक ठिकाणी असेल, तर आखूड तुकडा नेमका कुठला हे ठरत नाही. हजारो अक्षरे सलग वाचणाऱ्या नव्या तंत्रांनी ही अडचण बरीच दूर केली. २००५ च्या भात जीनोममध्ये राहिलेल्या रिकाम्या जागा २०२३ मध्ये भरल्या गेल्या.

भाताचा जीनोम

जपानच्या पुढाकाराने १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय भात जीनोम प्रकल्प सुरू झाला. ‘निप्पोनबारे’ हा जपानी वाण त्यासाठी निवडला गेला. ११ व्या गुणसूत्राच्या कामात भारताचा वाटा होता. दिल्ली विद्यापीठाचा दक्षिण परिसर आणि राष्ट्रीय वनस्पती जैवतंत्रज्ञान संशोधन केंद्र यांनी तो उचलला. भाताचा जीनोम गव्हाच्या तुलनेत फारच लहान असल्याने तृणधान्यांत तो प्रथम हाती घेणे सोयीचे ठरले.

हळवे आणि गरवे

कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ मध्ये सुरू झाले. आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक केंद्र आहे. कर्जत-१८४ आणि कर्जत-३ हे येथील हळवे, म्हणजे लवकर तयार होणारे वाण, तर कर्जत-२ गरवा, म्हणजे उशिरा तयार होणारा. पाणी लवकर उतरणाऱ्या हलक्या जमिनीत हळवे वाण घेतात, पाणी धरून ठेवणाऱ्या सखल खाचरात गरवे. भात मुळात लहान दिवसाची, म्हणजे दिवस लहान होऊ लागले की फुलणारी, वनस्पती आहे. एचडी-१ हे जनुक दिवसाच्या लांबीनुसार फुलोऱ्याला चालना देते किंवा तो रोखते. एचडी-३ए या जनुकाचे प्रथिन पानातून शेंड्याकडे जाऊन फुलोऱ्याचा संकेत पोहोचवते. वाण हळवा की गरवा, हे मोठ्या प्रमाणात अशा जनुकांच्या भिन्न रूपांवर अवलंबून असते.

करप्याची बुरशी

मॅग्नापोर्थे ओरायझी या बुरशीचा बीजाणू पानावर रुजून घुमटासारखा अवयव तयार करतो. त्यात वातावरणाच्या सुमारे ८० पट दाब निर्माण होतो आणि त्या बळावर बुरशी पानात शिरते. आत ती रोपाची संरक्षणयंत्रणा दडपणारी प्रथिने सोडते. भाताचे पीआय-टीए हे जनुक अशाच एका बुरशी-प्रथिनाची ओळख पटवून प्रतिकार जागा करते. बुरशीने ते प्रथिन बदलले किंवा गमावले, की ओळख पटत नाही आणि प्रतिकारक वाण बळी पडतो. २०१६ मध्ये बांगलादेशात गव्हावर करपा आला, तेव्हा क्रमनिर्धारणातूनच त्या बुरशीचे दक्षिण अमेरिकी मूळ समजले.

कडा करप्याचा जीवाणू

झँथोमोनास ओरायझी हा जीवाणू भाताच्या पेशीत अशी प्रथिने सोडतो, जी थेट भाताच्या डीएनएवर ठरावीक अक्षरक्रमाशी जुळून बसतात. त्यामुळे साखर पेशीबाहेर सोडणारे भाताचेच जनुक चालू होते आणि जीवाणूला अन्न मिळते. याच जनुकाच्या एक्सए-१३ या प्रतिकारक रूपात जीवाणूचे प्रथिन बसण्याची जागाच बदललेली असते. जीवाणूचे प्रथिन आणि भाताची ही जागा, दोन्हींचा क्रम माहीत असल्यामुळेच हा संबंध उलगडला. हैदराबादच्या भात संशोधन संचालनालयाने आणि सीसीएमबी या संस्थेने एक्सए-५, एक्सए-१३ व एक्सए-२१ ही तीन प्रतिकारक जनुके पारंपरिक संकरातून सांबा मसुरी वाणात एकत्र आणली. कोणत्या रोपात तिन्ही आली, हे डीएनए खुणांवरून तपासले गेले. हा सुधारित वाण २००८ मध्ये प्रसारित झाला.

चिखलातील सूक्ष्मजीव

मातीतील बहुसंख्य सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत वाढत नाहीत. म्हणून मातीतील सगळा डीएनए एकत्र काढून त्याचा क्रम वाचला जातो आणि त्यातून जीनोम वेगळे केले जातात. भातखाचरात मिथेन वायू तयार करणाऱ्या एका महत्त्वाच्या सूक्ष्मजीव गटाचा जीनोम २००६ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या सूक्ष्मजीवांच्या मिश्रणातील डीएनएवरून अशाच रीतीने जुळवण्यात आला. मात्र गुणधर्म तपासायला जिवंत नमुनाही लागतो. पुण्यातील राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आणि आघारकर संशोधन संस्थेतील बुरशींचा राष्ट्रीय संग्रह यांचे महत्त्व असे नमुने जपण्यात आहे.

मर्यादा

एका वाणाचा जीनोम म्हणजे संपूर्ण पिकाचा जीनोम नव्हे. पुराच्या पाण्याखाली तग धरायला मदत करणारे सब-१ए हे जनुक निप्पोनबारेत मुळीच नाही. ते ओडिशातील एका पारंपरिक भातातून मिळाले. २०१८ मध्ये ३,०१० भात वाणांच्या जीनोमची तुलना प्रसिद्ध झाली, ती ही उणीव भरून काढण्याच्या दिशेने. कोळंबा, झिणी, पटणी यांसारख्या कोकणातील जुन्या वाणांचे बियाणे टिकवणे त्यामुळेच संशोधनाचाही भाग ठरते: बियाणे नष्ट झाले, तर त्यातील वेगळे जनुक पुन्हा कोठेही वाचता येणार नाही. शिवाय क्रमावरून जनुक कोठे आहे हे कळते. ते कोकणातल्या पावसात, रोगाच्या दाबाखाली, किती उपयोगी पडते हे खाचरातील चाचणीच ठरवते.