शून्य वेगळं, नोंद नसणं वेगळं

आभासी संगणकाला 100 जीबीची डिस्क दिली, तरी यजमान संगणकावर तिची फाईल सुरुवातीला जेमतेम काहीशे केबीची असू शकते. यात जादू नाही, हिशेब आहे.

आभासी संगणक चालवणाऱ्या क्यूएमू या मुक्त सॉफ्टवेअरचा 'क्यूकाऊ2' हा फाईलप्रकार डिस्कचे साधारणपणे 64 केबीचे तुकडे पाडतो. कुठला तुकडा फाईलमध्ये कुठे ठेवलाय, याची नोंद दोन पातळ्यांच्या तक्त्यांत असते. एक नोंद 8 बाइटची. म्हणजे दुसऱ्या पातळीचा एकेक तक्ता 8,192 नोंदींच्या जोरावर 512 एमबी सांभाळतो.

खरी गोम रिकाम्या जागेत आहे. तुकड्यापुढे 'शून्य' अशी नोंद असेल, तर वाचणाऱ्याला शून्यंच मिळतात. नोंदच नसेल आणि आधाराला मूळ फाईल जोडलेली असेल, तर क्यूएमू तिच्यात डोकावतो आणि तिथला जुना मजकूर उचलून देतो. बॅकअपच्या प्रोग्रॅमने हे दोन्ही प्रकार एकच समजले, की पुसलेली माहिती पुन्हा उगवलीच म्हणून समजा!

म्हणूनच क्यूएमूच्या कोडमधल्या टिपेत 'डेटा आहे की नाही' एवढंच लिहून भागत नाही. 'डेटा' आणि 'झिरो' या खुणा मिळून काय सांगतात, हे जोडीजोडीने मांडावं लागतं. क्यूएमूच्या हेडर फाईलमध्ये असा तक्ता आहे. कुठल्या तुकड्याची काय स्थिती आहे हे दाखवणारी 'क्यूएमू-आयएमजी मॅप' ही आज्ञा चालवण्याआधी तो जरूर वाचावा. आणि हो, या आज्ञेच्या उत्तरात कॉम्प्रेस केलेल्या तुकड्यापुढे 'ऑफसेट', म्हणजे फाईलमधली जागा, दिसणार नाही. तिथले बाइट थेट वाचून उपयोगच नसतो.