गाळ्यांमधली भिंत आणि संगणकातली भिंत

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीच्या वाटेला लागले की काल्हेर, पूर्णा, राहनाळ अशी गावे येतात. गावे म्हणायची, पण रस्त्याच्या दोन्ही अंगांना दिसतात ती गोदामे. मुंबईच्या जकात नाक्याबाहेर माल ठेवता येई, ही या गावांची एकेकाळची सोय. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. गोदामे मात्र राहिली. पूर्णा गावातल्या लहानशा गाळ्यातही आज संगणक असतो. मालाची आवक-जावक, बिले, कराची विवरणपत्रे, सगळे त्यात. गाळ्याला शटर असते, कुलूप असते, रखवालदार असतो. मग संगणकाची राखण कशी करायची? हे समजण्यासाठी जकात जाण्याच्या चारच दिवस आधी घडलेली एक घटना पाहू.

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये एक संगणक-विषाणू सुटला. पुढे त्याला ‘नोटपेट्या’ हे नाव पडले. तो आला तो करहिशेबाच्या एका प्रचलित आज्ञावलीच्या नव्या आवृत्तीबरोबर. म्हणजे विश्वासाच्या दारातून. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे तिथे कार्यालय होते. तिच्या अंतर्गत जाळ्यातून विषाणू काही तासांत जगभर गेला. आपल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातला एक धक्का याच समूहाकडे होता. तिथले संगणक बंद पडले आणि कामे हाताने करण्याची वेळ आली. क्रेन धड होत्या, कंटेनर जागेवर होते. नाहीशी झाली होती ती फक्त माहिती. कोणता कंटेनर कोणाचा, हे ठाऊक नसेल तर क्रेनने उचलायचे काय? ज्या बंदरातून भिवंडीच्या गोदामांकडे माल येतो, त्याच बंदराची ही गोष्ट आहे.

विषाणू इतका वेगाने पसरला कसा? कार्यालयातले संगणक एकमेकांच्या फायली आणि प्रिंटर वापरू शकतात. त्यासाठी विंडोजमध्ये जी जुनी व्यवस्था होती, तिच्यात मोजमापाची एक चूक होती. एका यादीची लांबी ३२ द्विमान अंकांत मोजली जाई, पण दुरुस्त करून लिहिताना तिचे खालचे १६ अंकच लिहिले जात. १६ अंकांत ६५,५३५ पर्यंतच संख्या मावते. त्यामुळे स्मृतीत राखलेली जागा आणि तिच्यात ओतलेला मजकूर यांचा मेळ बसेना. उरलेला मजकूर शेजारच्या जागेत सांडे, आणि त्या मजकुरात कोणी हेतुपुरस्सर आज्ञा लिहून ठेवल्या असतील तर संगणक त्या मुकाट पाळी. कोणी काही उघडायला नको, कळ दाबायला नको.

या छिद्रावरचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिले होते. १२ मे रोजी याच छिद्रातून ‘वॉनाक्राय’ नावाच्या दुसऱ्या विषाणूने जगभर धुमाकूळ घातला, म्हणजे धोक्याची घंटाही वाजली होती. तरी २७ जूनला, १०५ दिवसांनंतर, असंख्य संगणक ठिगळाविना होते. याला केवळ आळस म्हणणे आम्हाला अन्यायाचे वाटते. ठिगळ लावायला काम थांबवावे लागते, आणि चालते यंत्र थांबवायला कुठलाही धंदेवाला नाखूश असतो.

पण ठिगळ लावलेले संगणकही त्या दिवशी वाचले नाहीत, हा भाग अधिक महत्त्वाचा. एका संगणकात शिरल्यावर विषाणू त्याच्या स्मृतीत परवलीचे शब्द शोधी. जाळ्याची देखभाल करणाऱ्याने कधी तिथे काम केले असेल, तर त्याच्या किल्ल्या तिथे सापडत, आणि त्या किल्ल्यांनी तो इतर संगणकांची दारे रीतसर उघडी. म्हणून सर्व किल्ल्या एकाच जुडग्यात नकोत. हिशेबनिसाला जेवढे लागते तेवढेच त्याला उघडता यावे. आणि जाळ्याचे भाग पाडलेले असावेत. गोदामात दोन गाळ्यांमध्ये पक्की भिंत असते ती याचसाठी, की एकात आग लागली तर दुसरा वाचावा. संगणकातल्या ‘फायरवॉल’ला हे नाव इमारतीतल्या अशा भिंतीवरूनच मिळाले आहे.

आता नकलांकडे वळू. मर्स्कच्या जाळ्यात कोण वापरकर्ता आणि त्याला काय करू द्यायचे, याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे संगणक जगभर विखुरलेले होते. एक गेला तर बाकीचे आहेत, असा हिशेब. पण ते सतत एकमेकांशी जुळवून घेत, म्हणजे सतत जोडलेले असत. विषाणूने जवळजवळ सगळेच एकदम पुसले. वाचला तो घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी वीज गेल्यामुळे तो जाळ्यापासून तुटलेला होता! त्या एका प्रतीवरून पुढची उभारणी झाली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने सज्ज करावे लागले. कंपनीने नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात सांगितले.

मूळ प्रतीच्या मागे आपोआप जाणारी प्रत मूळ बिघडले की तिच्यामागे बिघाडातही जाते. पेन ड्राइव्हवर नक्कल घेऊन तो संगणकालाच लावून ठेवणाऱ्या गाळेवाल्याची स्थिती तीच आहे. नक्कल घेऊन झाली की ती काढून, शक्य तर दुसऱ्या जागी ठेवावी. आणि ती उघडते का, हेही पाहावे. शाळेत हा प्रयोग सोपा आहे: गुणपत्रकाच्या फायलीची नक्कल घ्या, ती दुसऱ्या संगणकावर उघडायला विद्यार्थ्यांना सांगा आणि किती वेळ लागतो ते मोजा. तेवढा वेळ धंदा थांबला तर परवडेल का, हा प्रश्न मग मुलेच विचारतात.

राहिली पाळत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमची विचारणा बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचूच न देता मध्ये बसवलेली बनावट यंत्रणा ‘पैसे द्या’ असे उत्तर देत होती. शनिवारी, ११ तारखेला, काही तासांत २८ देशांतून पैसे काढले गेले. सोमवारी आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला वळवले गेले. एरवी पुण्यातल्या खातेदारांची कार्डे एकाच दुपारी इतक्या देशांत चालत नाहीत. असे वेगळेपण त्याच क्षणी दिसायचे, तर रोजचे वळण कसे असते याची नोंद आधीपासून हवी.

‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशांत व्यवसायांनी अशा नोंदी १८० दिवस जपाव्यात आणि हल्ल्याची खबर सहा तासांत द्यावी, असे सांगितले आहे. सर्व यंत्रांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवलेली असावीत, असेही त्यात आहे. ही अट क्षुल्लक वाटते. पण समजा, गाळ्यातल्या कॅमेऱ्याचे घड्याळ दहा मिनिटे मागे आहे आणि संगणकाचे पाच मिनिटे पुढे. खऱ्या दहा वाजता कोणी बाहेरून संगणकात शिरले आणि दहा वाजून पाच मिनिटांनी हिशेबनीस आत आला, तर नोंदींत हिशेबनीस ९.५५ ला आलेला दिसेल आणि शिरकाव १०.०५ चा. चोरी झाली तेव्हा खुर्चीत तोच होता, असे ठरेल.