तेलविहिरीवर काम करायचे आहे?



मागच्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला होता. बारावीला पदार्थविज्ञानात काठावर पास झालेला हा मुलगा आता अरबी समुद्रातील एका तेलविहिरीवर कामगार आहे. नुकतेच लग्न झालेले, पण बोटात अंगठी नाही. मी चेष्टेने विचारले, तर म्हणाला, "सर, तिथं पहिल्या दिवशी साहेबांनी आधी हात पुढे करायला सांगितले. अंगठी काढायला लावली, मग नाव विचारलं. आता सवयच झाली."

कारण सोपे आहे. शिडीवरून उतरताना अंगठी एखाद्या खिळ्यात किंवा आकड्यात अडकली, तर क्षणभर साऱ्या शरीराचे वजन त्या एका बोटावर येते. साठ-सत्तर किलोग्रॅमचा भार आणि तो पेलायला अंगठीच्या कडेएवढी जागा! क्षेत्रफळ कमी झाले की दाब वाढतो, हे तुम्ही सातवी-आठवीतच शिकला आहात. बोट जाते.

तेलविहिरीवरचा कामगार म्हणजे नुसता पहिलवान गडी, असा माझाही समज होता. ताकद तेथे लागतेच. पण त्या दिवशी तो दोन तास जे बोलला, त्यात ताकदीचा उल्लेख फार थोडा आणि तरफ, पाचर, घनता, दाब यांचा मात्र पदोपदी. ही नावे त्याने घेतली नाहीत. ती मी मनातल्या मनात घेत होतो.

आधी जागा पाहू. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळाखाली 'मुंबई हाय' हे तेलक्षेत्र आहे. जपानमध्ये बांधलेल्या 'सागर सम्राट' या रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये तेथे विहीर खोदली आणि तेल लागले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेथे पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपास आहे, म्हणजे वीस मजली इमारत सहज बुडेल एवढी. रिग हे एक तरते धूड असते. जागेवर नेल्यावर ते आपले लांब लोखंडी पाय समुद्रतळावर टेकवते आणि त्या पायांवर स्वतःचे धड लाटांच्या वर उचलून घेते. त्या धडावर खोदाईचा उंच मनोरा, यंत्रे, टाक्या, क्रेन, झोपण्याच्या खोल्या, स्वयंपाकघर सारे काही. माणसे तेथे सलग चौदा दिवस राहतात आणि मग चौदा दिवस घरी. पाळी बारा तासांची. रात्रीची पाळीही तेवढीच लांब.

नवा माणूस सहसा डेकवर लागतो. त्याला 'राउस्टअबाउट' म्हणतात. मनोऱ्याच्या पायथ्याशी नळ्या जोडण्या-सोडण्याचे काम करतो तो 'रफनेक'. दोन्ही नावे अमेरिकेतून आली. आपल्याकडे 'रिगमन' आणि मनोऱ्यावर उंच चढणाऱ्याला 'टॉपमन' असेही म्हणतात.

डेकवरचे काम म्हणजे मुख्यतः क्रेनने आलेला माल उतरवून घेणे. दोन टनांची पेटी दोन दोरांनी उचलायची आहे असे समजा. प्रत्येक दोरावर एक टन भार येईल, असे तुम्ही म्हणाल. दोर उभे असतील तर तसेच. पण ते तिरपे असतील तर? कागदावर बलांचा समांतरभुज चौकोन काढून पाहा. दोर आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असतील, तर प्रत्येक दोरावर पुरे दोन टन येतात! कोन आणखी कमी केला तर त्याहूनही जास्त. म्हणून माल बांधताना दोर आखूड पडला, तर 'चालेल, दोनच टन आहे' असे म्हणणारा कामगार तेथे नको असतो. दुसरी गोष्ट, टांगलेला माल हा एक लंबकच. २५ मीटर लांबीच्या दोराला लटकलेल्या लंबकाचा आवर्तकाल सुमारे दहा सेकंद. म्हणजे पेटी दूर जाते आणि पाच सेकंदांनी, तुम्ही दुसरीकडे पाहत असताना, शांतपणे परत येते. तिला आवरायला एक मोकळा दोर बांधलेला असतो. तो हातात धरायचा, मनगटाला कधीही गुंडाळायचा नाही आणि पेटीखाली कधीही उभे राहायचे नाही.

आता मनोऱ्याखाली चला. खोदाईची एक पोलादी नळी सुमारे नऊ मीटर लांब आणि जवळजवळ ३०० किलोग्रॅम वजनाची असते. अशा नळ्या एकीला एक जोडत विहीर खाली जाते. विहीर १४०० मीटर खोल झाली, की विहिरीत लोंबकळणारे वजन चाळीस टनांच्या पुढे जाते. नवी नळी जोडताना हे वजन कोण धरते? पाचरी! नळीभोवती दातेरी पाचरींचे कडे बसवतात. वजन खाली ओढते तशा पाचरी निमुळत्या खोबणीत आणखी खाली जातात आणि नळीला आणखी घट्ट आवळतात. वजन जितके जास्त, तितकी पकड घट्ट. किती सुंदर योजना! पण त्या खोबणीच्या कडेवर कोणाचे बोट राहिले तर पाचर बोट आणि पोलाद असा भेद करत नाही. कडे जड असते. दोघे-तिघे मिळून ते मुठींना धरून, पाठीतून नव्हे तर गुडघ्यांतून उचलतात आणि तिघांची लय एक असावी लागते.

मग सांधा आवळायचा. त्यासाठी सुमारे ३००० किलोग्रॅम-मीटर एवढे पीळबल लागते. एक मीटर लांबीच्या पान्याला ५० किलोग्रॅम बलाने ओढणारी साठ माणसे हवीत. म्हणून मोठाले लोंबते पाने असतात आणि त्यांना यंत्र साखळीने ओढते. पान्याच्या टोकाला दोन-अडीच टनांची ओढ असते. साखळी तुटली तर तो पाना गोफणीसारखा फिरतो. त्याचे टोक ज्या वर्तुळात फिरेल, त्या वर्तुळाबाहेर उभे राहायचे. आखलेले नसते ते. ते मनात आखावे लागते. नव्या रिगवर हे काम पुष्कळसे यंत्रच करते आणि मला त्याचा आनंद वाटतो. पण जुनी पद्धत अजून गेलेली नाही.

आणि आता त्या गोष्टीकडे येतो, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

विहिरीत नेहमी चिखल भरलेला असतो. साधा चिखल नव्हे. पाण्यात बेंटोनाइट ही माती आणि बराइट हे जड खनिज कालवून केलेला. तो खालचा भुगा वर आणतो, पात्याला थंड ठेवतो, पण त्याचे मोठे काम वेगळेच आहे. १४०० मीटर खोल खडकात तेल आणि वायू मोठ्या दाबाखाली कोंडलेले असतात. पाण्याचा दहा मीटरचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम दाब देतो. म्हणजे १४०० मीटरच्या तळाशी १४० किलोग्रॅम. पुरत नसेल तर बराइट घालून घनता वाढवायची. बाटलीचे बूच म्हणजे हा चिखलच. बराइटची पोती ओतणे हे कामगाराचेच काम. धूळ उडते, म्हणून नाकाला फडके नव्हे, खरा मुखवटा लागतो. चिखलाची घनता एका लहानशा तराजूने मोजतात आणि दाटपणा मोजायला एक नरसाळे असते. ठरावीक माप भरायला किती सेकंद लागले ते पाहायचे. स्वच्छ पाण्याला २६ सेकंद लागतात, चिखलाला त्याहून जास्त. शाळेच्या प्रयोगशाळेत शोभावीत अशी ही उपकरणे.

पाते झिजले की साऱ्या नळ्या वर काढाव्या लागतात. तीन-तीन नळ्यांचा एक तुकडा करून त्या मनोऱ्यात उभ्या ठेवतात. अशा एका तुकड्यातले पोलाद सुमारे ११० लिटर जागा व्यापते. आर्किमिडीज टबातून बाहेर आला तेव्हा पाण्याची पातळी खाली गेली असणारच! तसेच येथे होते. दहा तुकडे काढले तर ११०० लिटर जागा रिकामी झाली. विहिरीचा व्यास साडेआठ इंच धरा आणि गणित करा: चिखल तीसेक मीटर खाली उतरतो. चिखलाची घनता १.२ असेल तर तळावरचा दाब साडेतीन किलोग्रॅमने कमी झाला. एखाद्या नाजूक विहिरीला एवढे निमित्त पुरते. म्हणून बाजूच्या मोजटाकीतून विहिरीत तेवढाच चिखल भरत राहायचे आणि टाकीतून किती गेला ते लिहीत जायचे.

माझ्या विद्यार्थ्याला एका रात्री हे लिहायला बसवले होते. पहाटेचे तीन वाजलेले. दहा तुकड्यांमागे टाकीतून ११०० लिटर जायला हवे होते, गेले ७००. विहिरीने चिखल कमी घेतला, हे ऐकायला बरे वाटते ना? थोडा विचार करा. उरलेली ४०० लिटर जागा कशाने भरली? खडकातून काहीतरी विहिरीत शिरले होते. तो सर्वांत नवा होता. आपलेच मोजायला चुकले असेल, असे त्याला वाटले. "सर, मी मिनिटभर गप्प बसलो. ते मिनिट मला आयुष्यभर पुरेल." मग त्याने ओरडून खोदाईप्रमुखाला सांगितले. काम थांबवले, विहिरीच्या तोंडावरच्या झडपा बंद केल्या आणि आत शिरलेला वायू सावकाश, ताब्यात ठेवून, बाहेर काढला. त्याला वेळ लागला. कोणालाही काही झाले नाही.

वायू वर येऊ दिला असता तर? बॉइलचा नियम आठवा. १४० पट दाबाखाली असलेला एक लिटर वायू वर येईपर्यंत सुमारे १४० लिटर होतो. तो फुगत जातो तसा वरचा चिखल बाहेर ढकलतो, त्यामुळे दाब आणखी कमी होतो, त्यामुळे आणखी वायू शिरतो. आसाममध्ये बागजान येथे मे २०२० मध्ये एक विहीर अशी उसळली, जूनमध्ये पेटली आणि ती पूर्णपणे शांत करायला नोव्हेंबर उजाडला. अमेरिकेजवळच्या समुद्रात एप्रिल २०१० मध्ये 'डीपवॉटर होरायझन' या रिगवर अकरा माणसे गेली.

म्हणून चांगल्या रिगवर कोणत्याही कामगाराला, अगदी कालच आलेल्यालाही, काम थांबवण्याचा अधिकार असतो. मिनिटभरही गप्प न बसता तो वापरणे हे तेथले सर्वांत अवघड कौशल्य असावे असे मला वाटते. आपल्याकडे मोठ्यांपुढे बोलायचे नाही हेच शिकवलेले असते.

विहिरीतून येणाऱ्या वायूंत एक फार लबाड आहे. हायड्रोजन सल्फाइड. मुंबई हायजवळच्या वसई क्षेत्राच्या वायूत तो असतो. कुजलेल्या अंड्याचा वास येतो म्हणजे कळेलच, असे तुम्हाला वाटेल. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरेक भाग झाले की नाकाची संवेदनाच मरते आणि वास 'गेला' असे वाटते! त्याचा रेणुभार ३४, हवेचा सरासरी २९. म्हणजे तो जड, खळग्यांत साचणारा. भोंगा झाला की वाऱ्याची पिशवी कोणत्या दिशेला फुगली आहे ते पाहायचे आणि वाऱ्याच्या विरुद्ध, शक्य तर वरच्या बाजूला जायचे. खाली पडलेल्या सोबत्याला उचलायला श्वसनयंत्र न लावता धावलेला माणूस त्याच्याशेजारीच पडतो. हे मनाला फार जड जाते. म्हणूनच त्याचा सराव करून घेतात.

तेथे जायचे कसे? मुंबईत जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टरने. हेलिकॉप्टर पाण्यात पडले तर बहुधा उलटते, कारण इंजिन आणि पंख वर असल्याने गुरुत्वमध्य उंचावर असतो. म्हणून जाण्यापूर्वी एक विलक्षण शिक्षण घ्यावे लागते. तलावात एका खोट्या केबिनमध्ये पट्टा बांधून बसवतात, केबिन बुडवतात आणि उलटी करतात. नाकात पाणी, वर-खाली कळत नाही. युक्ती अशी, की एक हात आधीपासून खिडकीच्या कडेवर ठेवायचा आणि तो सोडायचा नाही, दुसरा पट्ट्याच्या कडीवर. हालचाल थांबेपर्यंत थांबायचे, मग कडी सोडायची आणि त्या हाताच्या दिशेने बाहेर. डोके गोंधळले तरी हाताला दिशा ठाऊक असते. गोव्यात अशा शिक्षणाचे मोठे केंद्र फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाले.

पण पावसाळ्यात हेलिकॉप्टरही नेहमी उडत नाही. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायजवळच्या 'समुद्र सुरक्षा' या जहाजावर एका स्वयंपाक्याची बोटे कापली गेली. हवा खराब, हेलिकॉप्टर मिळेना. त्याला उपचारासाठी मुंबई हाय उत्तर या तेलफलाटावर चढवण्यासाठी जहाज जवळ आणले. समुद्र उसळलेला होता. जहाज वायू वाहून नेणाऱ्या उभ्या नळांवर आदळले, नळ फुटले आणि आग लागली. सुमारे दोन तासांत सारा फलाट नष्ट झाला. ३६२ जणांना वाचवण्यात आले, २२ जण गेले. जखमी बोटांपासून सुरू झालेली ही घटना ऐकल्यापासून मला त्या अंगठीचे हसू आलेले नाही.

तर काय लागते? वय अठरा पूर्ण. आपल्या कायद्याच्या दृष्टीने तेलविहीर ही खाणच आहे. शिक्षण पदाप्रमाणे; डेकवरच्या कामाला शालेय शिक्षणावरही घेतात, पण यंत्रकाम, वेल्डिंग किंवा विजेची आयटीआय केलेल्याला पुढे वाव जास्त. दृष्टी, कान, रक्तदाब, हृदय यांची तपासणी होते, आणि ती पुन्हा पुन्हा होत राहते. यंत्रांच्या घरघरीत बोललेले ऐकू येत नाही, म्हणून हातांच्या खुणा पाठ हव्यात. उंचीची भीती असेल तर आधीच सांगावे. त्यात लाज नाही, डेकवर काम असते. दारू आणि काड्यापेटी जमिनीवरच ठेवायची. चौदा दिवस चार जणांच्या खोलीत भांडण न करता राहता यायला हवे. आणि पोहणे. माझा विद्यार्थी म्हणतो, तलावातल्या त्या केबिनमध्ये घाबरणारे बहुतेक जण असे, ज्यांनी मोठेपणी पहिल्यांदा डोके पाण्याखाली घातलेले असते. तुमच्या गावात विहीर, नदी किंवा तलाव असेल तर या उन्हाळ्यात शिकून घ्या. एकटे मात्र उतरू नका, कमरेला दोर आणि काठावर पोहणारा मोठा माणूस हवाच.